गुडघ्यातली आग

पालम गावच्या धान्याच्या मोंढ्यामागच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. जडावलेल्या बाया, पोट सुटलेले बाप्ये, सगळे सुजलेले गुडघे उघडे टाकून बसलेले. मांडवातले गुडघेदुखी काढणारे महाराज एकेकाच्या गुडघ्याला हळद लावत, वर तीर्थात भिजवलेलं पांढरं फडकं दाबत. फडकं लालभडक होई.

“बघा, आग निघायलीय! आता तूप पाजा. बिगर वंगणाचं चाक कुरकुरणारच की!”

मग डालड्याचा लाडू आणि भस्माची पुडी.

आमची बायनामामी थोड्याच दिवसांत काठी टाकून चालू लागली. तिचा चेहरा गोल झाला. “तेज आलंय,” किशनमामा म्हणाले.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला राहवेना. मामीला आणि पुडीला घेऊन गंगाखेडला डॉ. संघप्रियांकडे गेलो. त्यांनी पुडी तपासून घेतली. भस्मात स्टेरॉइड निघालं. मामीच्या रक्तातली साखर भलतीच चढलेली.

“मावशी, पोटावरची चरबी गप बसत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “ती रक्तात सूज वाढवणारी द्रव्यं सोडते. वर वजनाचा भार गुडघ्यांवर. त्यात तूप-डालडा ओतलात की आणखी भर. पुडी सूज दाबते, पण साखर आणि वजन वाढवते. ती एकदम सोडू नका, मी हळूहळू बंद करते. तळलेलं टाळा, वजन उतरवा.”

“त्याला वरीस लागंल, बाई. महाराजानं लगीच चालवलं,” मामी म्हणाली आणि पुन्हा मांडवातून पुडी आणू लागली.

शेवटी मी भर मांडवात उभा राहिलो. स्वतःच्या गुडघ्याला हळद लावली, चुन्याच्या निवळीचं फडकं दाबलं. लाल झालं.

“हेच तुमचं तीर्थ!” मी ओरडलो.

मग एका म्हातारीनं माझ्यापुढं गुडघा केला. “गुरुजी, तुमच्याबी हाताला गुण हाय. माझीबी आग काढा की.”

महाराज हसले.

दिवाळीनंतर मामीच्या तळपायाला काटा लागला. साखरेमुळं जखम चिघळली. नांदेडला पाय कापला, तरी ती वाचली नाही. तेराव्याला मामा मला म्हणाले, “तू शंका घेतलीस, म्हणून गुण गेला.”

मांडव अजून भरतो. मी रस्त्यात लोकांना अडवून सांगतो: दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला असं नाही. कशानं थांबलं, तेवढं विचारा. विचारल्यानं कुठलाही देव कोपत नाही.

लोक मान डोलावतात आणि रांगेत जाऊन बसतात.