कॉलरवरच्या डागाचा आरोपी

मित्रांनो, मी एक जुना दाढीचा रेझर आहे. अंग पितळेचं, वर निकेलचा मुलामा. मूठ फिरवली की डोक्यावरची दोन झाकणं उघडतात आणि आत पातं बसतं. दाढी गुळगुळीत झाली तर कौतुक पात्याचं, कापलं तर खापर माझ्यावर. जगाची रीतच आहे, माझी तक्रार नाही.

माझे मालक दुकानांच्या पाट्या रंगवायचे. भर उन्हात शिडीवर उभे राहून, पट्टी न लावता अशी सरळ रेघ ओढायचे की येणारेजाणारे खाली थांबून बघत. सकाळी तोच हात माझ्यावर असे, आणि गालावर कधी ओरखडा म्हणून उठला नाही.

मग त्या हाताला कंप सुटला. आधी अंगठा, मग मनगट. डॉक्टरांनी निदान केलं, पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. हा आजार आमच्या घरात घरजावयासारखा ठाण मांडून बसला. चहा सांडला, कंपवात. किल्ली हरवली, कंपवात. शेजाऱ्यांचं मांजर पळालं तेव्हाही दोन क्षण सगळे मालकांकडेच बघत होते.

एके दिवशी त्यांच्या कॉलरवर रक्ताचा डाग दिसला.

"कापलंत ना पुन्हा?" बायको म्हणाली.

"हात ऐकत नाही गं. दुसरं काय?"

मी जागच्या जागी गार झालो. मी जबड्याच्या कडेपर्यंतच गेलो होतो. डाग होता कॉलरच्या मागच्या बाजूला, कानामागून ओघळ यावा तसा. तिकडे मला आजवर कुणी नेलेलंच नाही. पण रेझरची साक्ष काढतो कोण?

मुलाने विजेवर चालणारं दाढीचं मशीन आणलं. मला ड्रॉवरमध्ये टाकलं, वाकलेल्या पिना आणि मुदत संपलेल्या मलमांच्या सोबतीला. तिथे एकच घोर मला पोखरत राहिला. मी नसताना रक्त थांबलं, तर मी गुन्हेगार ठरेन. ते चालेल. पण थांबलंच नाही तर? माझ्या नावाला बट्टा लागो, पण कॉलर कोरडी राहो, असं मी मनाशी घोकत होतो. बदनामीसाठी नवस बोलणारा मी पहिलाच रेझर असेन.

नवस फळला नाही. उशीच्या अभ्र्यावर रक्त सापडलं आणि बायको तरातरा ड्रॉवरपाशी आली.

"चोरून हाच वापरता ना? या वयात तरी खोटं बोलू नका."

"अगं, शर्टाचं बटण लावायला मला तू लागतेस. चोरी काय एकट्याने करू?"

तिने माझी मूठ फिरवली. आतलं पातं गंजलेलं, वर धुळीचा थर. तिने मला खाली ठेवलं.

"मग रक्त येतंय कुठून?"

तिने त्यांचा कान पुढे दुमडला. मागे एक काळा डाग होता. कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला तपकिरी झाक, मधे खपली.

"हा तीळ कधीपासून आहे?"

"मला काय विचारतेस? माझं डोकं मागून मी कधी पाहिलंय?"

दुसऱ्याच दिवशी ती त्यांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. पुरावा म्हणून रुमालात गुंडाळून मलाही नेलं. बाईंनी भिंगातून डाग बराच वेळ पाहिला.

"हे कापल्याचं नाही. काढून तपासायला हवं. मेलॅनोमा असू शकतो, म्हणजे त्वचेचा कर्करोग." मग त्या सावकाश म्हणाल्या, "पार्किन्सन्स असलेल्यांमध्ये हा कर्करोग इतरांपेक्षा जास्त आढळतो. आणि हा कर्करोग झालेल्यांमध्ये पार्किन्सन्सही जास्त दिसतो. का, ते अजून नीट उलगडलेलं नाही."

"त्या गोळ्यांमुळे तर नाही ना?" बायकोने विचारलं.

"तसं सिद्ध झालेलं नाही. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. सगळ्यांनाच होतो असंही नाही. पण त्वचा नियमित तपासून घ्यायला हवी."

"म्हणजे एका आजारावर दुसरा मोफत," मालक म्हणाले.

डाग काढला. रिपोर्ट येईपर्यंत घरात भांडीसुद्धा हळू ठेवली जात. अखेर रिपोर्ट आला. कर्करोगच होता, पण वरच्या थरातच अडकलेला. भोवतीची थोडी कातडी आणखी काढावी लागली. आता ठरावीक काळाने तपासणीला जावं लागतं, आणि तारीख जवळ आली की बायकोची झोप उडते.

मित्रांनो, घरात एखाद्या आजाराला नाव मिळालं की सगळे त्याच्याकडेच बघत बसतात आणि दुसरा मागच्या दाराने आत येतो. तुमच्या घरी कुणाला कंपवात असेल तर त्यांचे कान, मान, पाठ, तळपाय बघत जा. डाग नवा वाटला, वाढला, रंग बदलला, त्यातून रक्त आलं, तर तर्क लढवू नका. डॉक्टरांना दाखवा.

मशीन मुलाला परत गेलं. आता मालकांची दाढी बायको करते, नवं पातं घालून, मलाच हातात घेऊन. आधी दोन्ही कान दुमडून बघते, मग साबण लावते. आज बघताना ती एका जागी थांबली, अंगठ्याने घासलं. कालच्या साबणाचाच वाळका फेस होता.

"काय गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. हलू नका."

"ते मला कुठे जमतंय," ते म्हणाले, आणि तिने दुसऱ्या हाताने त्यांची हनुवटी धरली.