फिनरावांना घातलेली शपथ

तनूचं बारसं झालं ते साल २०१४. जुलैतला रविवार होता आणि नेमकी त्याच दिवशी तनूच्या बापाची फायनल होती. बारसं बाराव्या दिवशीच करायचं, त्यात क्लबची तारीख बघावी लागते हे सुचेताबाईंच्या गावीही नव्हतं. त्या पुण्याहून ग्लासगोला लेकीच्या बाळंतपणाला आल्या होत्या, डिंकाचे लाडू घेऊन.

बाप म्हणजे फिनबार डोलन, सुचेताबाईंचा जावई. आयर्लंडचा माणूस, धंद्यानं सुतार. सुचेताबाई त्याला फिनराव म्हणत आणि अहोजाहो करत. जावई तो जावईच, मग तो कुठलाही असो. लेक अक्षया फिजिओथेरपिस्ट. फिन तिच्याकडे मोडका अंगठा घेऊन आला होता आणि अंगठा बरा झाल्यावरही येत राहिला.

त्याचा खेळ हर्लिंग. हातात ॲश लाकडाची, टोकाला रुंद होत गेलेली काठी, तिला हर्ली म्हणतात. कातडी चेंडू असा सुटतो की डोळ्याला दिसत नाही. सुचेताबाईंनी एकदा मैदानावर जाऊन पाहिलं आणि परत आल्यावर म्हणाल्या, "विटीदांडूच आहे, फक्त विटीच्या जागी माणसाचं डोकं."

अठराव्या वर्षी फिन आपल्या काउंटीच्या संघात आला. जागा डाव्या कोपऱ्यातल्या बचावाची, पाठीवर चार नंबर. समोरचा गडी गोल करायला येणार, त्याला करू द्यायचा नाही, एवढंच काम. बचाववाल्याचं नाव पेपरात येतं ते तो चुकल्यावरच, असं तो म्हणे. त्याचंही आलं. मोठ्या सामन्यात, अगदी शेवटी, ओल्या गवतावर त्याचा पाय घसरला आणि समोरच्या गड्यानं गोल मारला. पुढे गावात दूध आणायला गेला तरी लोक हवापाण्याच्या आधी त्या गोलाचं बोलत. दुसऱ्या वर्षी त्यानं गाव सोडलं.

ग्लासगोतल्या आयरिश क्लबात तो पुन्हा त्याच कोपऱ्यात उभा राहिला. क्लब कधी नव्हे तो फायनलला गेला होता. ही एक जिंकली की त्या गोलाचं नाव कुणी काढणार नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पण आदल्या आठवड्यात त्याचं बोट मोडलं. डॉक्टर नको म्हणाले. तो म्हणाला, पट्टी बांधून खेळतो, बारशाला संध्याकाळी पोचतो.

पाळणा सजवता सजवता सुचेताबाईंनी त्याला बूट घालताना पाहिलं. त्यांचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. मोडक्या हातानं बाहेर निघालेला माणूस त्यांना बघवेना. त्यांनी पुढे होऊन स्वतःच्या गळ्याला चिमूट लावली.

"फिनराव, माझ्या गळ्याची शपथ आहे, खेळायला जाल तर."

फिननं अक्षयाकडे पाहिलं. "आई काय म्हणाली?"

अक्षयाच्या खांद्यावर बाळ रडत होतं. "ती म्हणते, तू खेळलास तर ती मरेल. जस्ट लीव्ह इट, फिन, प्लीज."

फिननं क्षणभर सासूकडे पाहिलं आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. संध्याकाळी बाळाच्या कानात नाव सांगताना क्लबातून फोन आला. एका गोलानं हरले होते. गोल डाव्या कोपऱ्यातून झाला होता.

त्यानंतर तो खेळलाच नाही. बोट नीट जुळलं नाही म्हणे, वय झालं म्हणे. सुचेताबाई पुण्याला फोनवर बहिणीला सांगत, "जावई फार समजूतदार, बाई. एकदा सांगितलं, पुरे." पुढे त्या ग्लासगोलाच राहिल्या. जिन्याखालच्या कपाटात ती हर्ली असे. फिन तिला दर वसंतात जवसाचं तेल लावी. खंडेनवमीला सुचेताबाई घरातली हत्यारं मांडत तेव्हा करवत-रंध्याशेजारी तीही मांडत, हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल वाहत. फिन मुकाट्यानं हात जोडे.

तनू खेळायला लागली तेव्हा तो खिशात हात घालून कडेला उभा राही आणि तोंडानं शिकवी. हातात काठी घेत नसे.

२०२३च्या पावसाळी थंडीत त्याच्या स्वादुपिंडात कॅन्सर निघाला. उपचार लागू पडेनात तसा त्याला घरी आणला. फेब्रुवारीत एका दुपारी जरा ऊन पडलं, म्हणून त्याला मागच्या बागेत खुर्चीवर बसवलं. तनू त्याची हर्ली घेऊन आली.

"डॅड, वन पक. ओन्ली वन." पक म्हणजे हर्लीचा फटका.

त्यानं मान हलवली आणि हळू काहीतरी म्हणाला. तनूचा चेहरा बदलला. ती आजीकडे आली.

"आजी, डॅड बोलते की तो खेळला तर तू मरणार. इज दॅट ट्रू?"

सुचेताबाईंच्या हातात खिमटाची वाटी होती. आधी त्यांना कळेचना. मग बारशाचा दिवस आठवला, सुटलेल्या नाड्या आठवल्या. त्या खुर्चीपाशी गेल्या.

"अहो फिनराव, ती त्या दिवसापुरती होती. शपथ सुटते. घालणाऱ्यानं सुटली म्हटलं की सुटली. आमच्याकडे पोरंसोरंसुद्धा दिवसातून चारदा घालतात नि सोडतात."

तनूनं जमेल तसं इंग्रजीत सांगितलं.

"एवढंच?" फिन मराठीत म्हणाला.

"एवढंच."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, तनूनं त्याची पाठ धरली. "मला वाटलं, तुम्ही माझ्यामुळे..." पुढचं त्याला मराठीत जमलं नाही. "आई, तुम्ही मला एकदासुद्धा सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत," सुचेताबाई म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकवेना. त्यांनी वाटी खाली ठेवली. गळ्याला हात लावला. "सुटली," त्या म्हणाल्या. "सुटली, फिनराव. खेळा."

त्यानं हर्ली हातात घेतली. चेंडू काठीच्या टोकावर घेऊन उचलायला गेला, तो गवतात पडला. पुन्हा घेतला, पुन्हा पडला. मनगटात जोरच राहिला नव्हता. मग तो तनूला म्हणाला, "तू मार."

तनूनं आपली छोटी हर्ली मागे नेली. ती खाली येणार तेवढ्यात बसल्या जागेवरून त्यानं काठी पुढे केली आणि तिची काठी वरच्यावर अडवली. लाकडावर लाकूड वाजलं. चेंडू होता तिथंच राहिला.

"नो गोल," तो म्हणाला. मग हर्ली मांडीवर आडवी ठेवून डोळे मिटले. हात गारठले होते. सुचेताबाईंनी ते आपल्या शालीत घेतले आणि उन्हं जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. तनूनं नंतर दोघांना आत नेलं.

अक्षया कामावरून आली तेव्हा सुचेताबाईंनी तिला सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. "मीच तसं ट्रान्सलेट केलं होतं, आई," एवढंच म्हणाली. खिमट तसंच बाहेर राहिलं होतं.

फिनबार डोलन ९ मार्च २०२४ रोजी सकाळी ग्लासगोत, राहत्या घरी वारला. बेचाळीस वर्षांचा होता.