फाटकातली महाराणी

टण्णकन पेला पडला आणि दुपारची शांतता फुटली. लेकीला थोपटणारा तिचा हात थबकला.

"बाबा?"

ती बाहेर धावली. सासरे खुर्चीतून घसरले होते. चेहरा घामाने डबडबलेला, मूठ छातीवर आवळलेली.

तिने फोन केल्यावर रुग्णवाहिका लवकर आली खरी, पण अडली फाटकाशी. फाटकात महाराणी होती ना! सासऱ्यांची जुनी ऑटोमॅटिक गाडी. दारापुढे कुणी परक्याने गाडी लावू नये म्हणून ते आपलीच गाडी फाटकात घुसवून ठेवत. "कुलूप कशाला? महाराणी बसलीय पहाऱ्याला!" दोन्हीकडे भिंती. माणूस अंग चोरून आत येई, स्ट्रेचर कसलं येतंय!

रुग्णवाहिकेचा मदतनीस आत शिरून बाबांना ऑक्सिजन लावत होता. चालक ओरडला, "ताई, आधी ही बया हलवा!"

तिने किल्ली फिरवली. हूं नाही की चूं नाही. बॅटरी मेलेली. गिअरचा दांडा 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, रुतून बसलेला. ती दोन्ही हातांनी ओढत सुटली.

चालक खिडकीशी वाकला. "अहो, तोडाल! ब्रेक दाबून धरा. दांड्याशेजारी बारीक फट असेल. तिच्यात काहीतरी खुपसून दाबा आणि मग दांडा न्यूट्रलला घ्या."

फट सापडली. झाकण कधीच हरवलेलं. तिने घराची किल्ली खुपसली, ती आत जाईना. फटीत लाल-पिवळी खेळायची माती ठासलेली, वाळून दगड झालेली.

लेक डोळे चोळत पायरीवर आली होती. "तो खाऊ आहे. आजोबा म्हणाले, महाराणीला भूक लागलीय."

केसातली पिन उपसून ती माती उकरू लागली. पिन वाकली. नखाखालून रक्त आलं. आतून मदतनीसाची हाक आली, "अहो, चला लवकर!"

पुन्हा किल्ली. खट्. दांडा सैल झाला. तिने न्यूट्रल टाकला, हँडब्रेक सोडला, पाय उचलला. चालकाने बॉनेटला खांदा लावला आणि महाराणी निमूटपणे मागे रस्त्यावर गेली.

स्ट्रेचर शेजारून गेलं. बाबांचा हात कडेला लोंबत होता. मदतनीस चालता चालता त्यांची छाती दाबत होता. ती स्टिअरिंगला धरून तशीच बसून राहिली.

लेकीने खिडकीतून तिची ओढणी ओढली.

"आई, मी खाऊ घातला म्हणून उशीर झाला?"