मुकादमाचा फोन

"टाका की बादलीत! सगळ्यांचे पडलेत, तुमचाच काय सोन्याचा आहे?"

विहिरीच्या कामावर रोज हीच कटकट. सुरुंगाच्या तारा जोडायच्या आधी प्रत्येकानं आपला मोबाईल बादलीत टाकायचा आणि ती बादली पार बांधाच्या टोकाला, झाडाला नेऊन टांगायची, असा दंडक होता. बादली फिरवायचं काम जुन्या सुरुंगवाल्याच्या बायकोकडं. मुकादम मात्र तिला जुमानत नसे.

"ए बाई, मला दहा ठिकाणचे फोन येतात. फोननं कुठं सुरुंग उडतो होय? तुझ्या नवऱ्यानं विडी पेटवली म्हणून उडाला. चल, हो पुढं."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. मागच्या उन्हाळ्यात तिचा नवरा असाच विहिरीच्या तळाशी तारा जोडत होता आणि हा मुकादम फोनवर खिदळत शिडीनं खाली उतरत होता. मध्येच धडाका झाला. मुकादमाचं कोपर खरचटलं आणि तिच्या नवऱ्याचे दोन्ही डोळे गेले. वर मुकादमानंच गावभर केलं, की गडी विडी ओढत होता. ज्यानं जन्मात तंबाखू मळण्यापलीकडं काही केलं नाही, त्याला लोक विडीबहाद्दर म्हणू लागले. मुकादम काम देतो, मग त्याला खोटं कोण पाडणार? तिनं त्याच्याच कामावर पाटी उचलली, ती पोटासाठी, असं सगळ्यांना वाटलं. खरं तर ती टपून बसली होती.

त्या दिवशी सुरुंग भरून झाले, तारा जोडल्या, माणसं वर आली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "तळाला पाझर दिसतोय!" मुकादमाला हुरूप आला. मालकाला फोटो पाठवायचा म्हणून तो स्वतःच विहिरीवरच्या यारीच्या दोराला टांगलेल्या पाटीत बसून थेट सुरुंगांपाशी उतरला.

ती काठावर आली. हातातलं काळं, चपटं काहीतरी तिनं कानाला लावलं.

"मुकादम! फोन जवळच आहे ना? लावते हं तुम्हाला."

"अगं ए! वेड लागलं का? खाली तारा जोडल्यात!"

"मग काय झालं? फोननं कुठं सुरुंग उडतो होय?"

मुकादम फोनचं बटण शोधू लागला. "थांब! बंद करतो आधी!"

"तुम्ही बंद करायच्या आत माझा लागेल. हात हलवू नका."

"यारीवाल्या, ओढ मला वर!"

यारीवाल्यानं दांड्यावरचे हात काढले आणि तो सावकाश नाक खाजवत बसला. काठावर सगळी माणसं गोळा झाली.

"वहिनी, तुमच्या पाया पडतो..."

"काल बाई, आज वहिनी? विडी कुणी ओढली, तेवढं सांगा. मोठ्यानं."

"कुणीच नाही! विडी नव्हतीच! मी फोनवर बोलत होतो, तेव्हाच उडाला! आई, माझे आई, नको लावूस!"

शेवटी त्याचा आवाज चिरकला. वर कुणी हसलं नाही. मागच्या वर्षी माना डोलावणारे सगळे आता आपापल्या पायाकडं बघत होते. तिला त्यांचाही तितकाच राग आला.

वर आल्याबरोबर मुकादमानं तिच्या हाताला हिसका दिला. हातातल्या डबीचं झाकण उघडलं आणि तंबाखू मातीत सांडली. तिचा मोबाईल सकाळपासून झाडावरच्या बादलीत होता.

संध्याकाळी तिनं रिकामी डबी नवऱ्याच्या हातात ठेवली. त्यानं ती चाचपली, हलवून बघितली.

"दिवसभर शोधतोय मी. कुठं नेली होतीस?"

"मुकादमाला फोन लावायचा होता."

गल्लीतून बातमी त्याच्या कानावर आधीच आली होती.

"मग? लागला का?"

"लागला. सगळ्या गावानं ऐकला."

त्यानं डबी कपाळाला टेकवली आणि कितीतरी दिवसांनी हसला. ती मात्र हसली नाही. डोळे काही परत येणार नव्हते. उद्या बादली घेऊन सगळ्यात आधी मुकादमापुढंच उभं राहायचं, एवढं मनाशी ठरवून तिनं चूल पेटवली.