सोफ्यात अडकलेल्या बाईचं पुढे काय झालं

आमच्या घरात विनोदी माणूस एकच, असं आमच्या ह्यांचं पहिल्यापासूनचं मत. ह्यांचं सोफे दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर फाटके सोफे उसवायचे, स्प्रिंगा बदलायच्या, नवं कापड चढवायचं आणि संध्याकाळी जेवताना गिऱ्हाइकांच्या गमती सांगायच्या. ऐकायला आमची लेक असायची. ती अशी हसायची की ह्यांना चेव यायचा. मी आपली ‘पुरे आता, जेवा’ म्हणणारी. गेल्या वर्षी लेक नोकरीसाठी परदेशी गेली आणि गमती आटल्या. जेवताना वाटी-चमच्यांचे आवाज तेवढे उरले, आणि मला ते अजिबात सहन होत नव्हते.

अशात लेकीने मला वाढदिवसाला एक पुस्तक पाठवलं. टीव्हीवरच्या एका विनोदवीराने लिहिलेले विनोदी लेख. हे त्याला पाण्यात बघतात.

“तो तोंड उघडायच्या आत मागे हशा लावतात,” हे म्हणाले. “मलाही लावा तसा हशा, मग बघा.”

दवाखान्यात मी केसपेपरच्या खिडकीवर कामाला; ह्यांच्या आधी घरी येते. तेवढ्या वेळात वाचत बसायचे. एका संध्याकाळी हे दार उघडून आत आले, तर मी खुर्चीत डोळे पुसत होते.

“काय झालं? फोन आला होता का कुणाचा?”

“नाही हो. हे वाचत होते.” काय वाचलं ते सांगायला गेले, तर पुन्हा हसू फुटलं आणि बोलताच येईना.

ह्यांनी पिशवी ठेवली आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धुतले. घाव वर्मी बसला होता.

दोनतीन दिवसांनी जेवताना ह्यांनी घसा खाकरला. “आज दुकानात गंमत झाली. एक गिऱ्हाईक आलं, ह्या एवढ्या मिशांचं. फेव्हिकॉलचा डबा उघडा होता. हा वाकून बघायला गेला आणि मिशी पडली डब्यात. नकली होती.”

घास माझ्या तोंडातच राहिला. पुस्तकात विनोदवीराची मिशी चालू कार्यक्रमात सूपमध्ये पडते. आमच्याकडे सूप कुठून आणणार? एकूण प्रकार माझ्या लक्षात आला. मी दवाखान्यात असताना हे दुपारी जेवायला घरी येतात, तेव्हा पुस्तक चाळत होते. पानांवर अंगठ्याचे चिकट ठसे मी आधीच पाहिले होते, पण ह्यांचा अंगठा कशावर नसतो?

सोडून देणाऱ्यातली मी नाही. चोरी तिथल्या तिथे पकडणार होते. पण ह्यांचे कान लाल झाले होते आणि हे माझ्याकडे बघत होते, पूर्वी लेकीकडे बघायचे तसे.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, मिशी वाळली ना. पकडीने सोडवली. आता ती उभीच राहते, खाली बसत नाही.”

हे पुस्तकात नव्हतं. मी हसले, आणि खरंच हसले.

मग रोजच सुरू झालं. मी पुस्तकात खूण म्हणून ह्यांच्याच दुकानातली हिरव्या मखमलीची पट्टी ठेवली होती. माझं पुस्तक कधीच वाचून झालं होतं; पट्टी मात्र मध्येच राहून गेली होती. ह्यांना वाटे, मी तिथवरच पोचले आहे. म्हणून हे पट्टीच्या पुढचे लेख सांगायचे. विनोदवीर लिफ्टमध्ये अडकतो. आमचं दुकान तळमजल्यावर, म्हणून आमच्याकडे एक बाई सोफा-कम-बेडमध्ये अडकली. विनोदवीराला विमानतळावर दुसऱ्याचीच बॅग मिळते. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच सोफा गेला आणि तो त्यावर आठवडाभर झोपला.

पुढचे लेख संपत आले, तशी मी घाबरले. मग एक युक्ती केली. पट्टी थोडी मागे सरकवली. मधले लेख पुन्हा न वाचलेले झाले आणि ह्यांची सोय झाली. अशी रोज थोडी मागे सरकत सरकत पट्टी पार सुरुवातीच्या आभाराच्या पानावर आली. त्या संध्याकाळी ह्यांनी जेवताना धाग्यावाल्याचे, फोमवाल्याचे आणि वीज मंडळाचे मनापासून आभार मानले. मी मान खाली घालून जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी हे गप्प.

मी वाट पाहिली. चमच्यांचे आवाज सुरू झाले. आता परत तेच दिवस, असं वाटलं.

“आज काही झालं नाही दुकानात?”

“नाही.”

“मग त्या सोफ्यात अडकलेल्या बाईचं पुढे काय झालं?”

“ते दिलेलं नाही त्यात,” हे म्हणाले, आणि चमचा हातात तसाच राहिला.

मग हे हळूच म्हणाले, “तुझी पट्टी रोज मागे जाते. वाचणाऱ्या माणसाची पट्टी पुढे जाते गं. मला पहिल्याच आठवड्यात कळलं.”

“मग सांगत का राहिलात?”

“तू हसत होतीस.” हे ताटाकडे बघत होते. “त्याच्या विनोदांना का होईना.”

आता मात्र मला राग आला. “मी त्याची वाट बघत नव्हते. तुम्ही लिफ्ट दुकानात कशी आणताय, त्याची बघत होते. दवाखान्यात दिवसभर डोक्यात तेच. एकदा तर केसपेपरवर आजारी माणसाच्या नावाऐवजी सोफा लिहिला.”

हे वर बघेनात. पण कान लाल झाले.

“सांगा आता. त्या बाईचं काय झालं?”

ह्यांनी पाणी प्यायलं, पेला सावकाश खाली ठेवला. “आम्ही चौघं लागलो. सोफा उघडायला हात घातला, तर आतून आवाज आला, थांबा जरा.”

“का?”

“नवरा बाहेर उभा राहून काहीतरी गंमत सांगत होता. ती म्हणाली, घरी मी ह्यांना ‘पुरे आता, जेवा’ म्हणते. आज आधी पूर्ण ऐकते, मग काढा मला.”

मी हसायला गेले आणि डोळ्यांना पाणी आलं. ह्यांनी विचारलं, “जेवू का आता?”

“नको,” मी म्हणाले. “पुढे सांगा.”