बदकानं पळवलेलं जावळ

पोरांनो, तुमची आई अठ्ठावीस दिवसांची होती तेव्हा मी तिचं डोकं चोरून भादरलं होतं. हसू नका. घाई अशी होती की कान वाचले हेच नवल.

आमच्या शानलियान गावात घरोघरी लिहायचे कुंचले होतात. बायका पाण्याच्या परातीशी बसून बकरीचे केस हाडाच्या फणीनं विंचरतात, उलटा केस दिसला की वेचून टाकतात. सासूबाईंनी मला पहिल्यांदाच जावळाचं काम दिलं होतं. शेन मास्तरांच्या नातवाचं जावळ, त्याचाच कुंचला करून द्यायला लाल कागदात बांधलेलं. एकदा कात्री लागली की पुढं वाढणाऱ्या केसाचं टोक बोथट होतं, त्याची केरसुणी होते, कुंचला नाही. म्हणून जावळाचा कुंचला जन्मात एकदाच. सासूबाईंनी बजावलं होतं, हा बिघडला तर परातीपासून ऊठ, कायमची बदकं राख.

खिडकीखाली कालवा. मी पुडी सोडली आणि मला शिंक आली. अशी शिंक की पलीकडच्या काठावरची तुती पानासकट वाकली. जावळ उडालं ते थेट एका बदकाच्या पाठीवर. बदक निघालं ताई सरोवराकडे.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मास्तर उद्या येणार होते. गावात दुसरं कोवळं जावळ कुठून आणू? तेवढ्यात तुमच्या आईचा पाळणा हलला. मुलीच्या जावळाचा कुंचला कोण करतंय? दोन दिवसांनी महिना भरला की ते कापून कालव्यातच जाणार होतं. मी दोरा कापायची कात्री घेतली.

दुपारपर्यंत केस विंचरले. पाऊल वाजलं की परातीवर आणखी वाकायचे. पोरीच्या डोक्यावर टोपी चढवली आणि केसांचा झुबका सासूबाईंपुढे ठेवला. बांधायचं काम त्यांचं. त्यांनी तो ओठांत धरून टोक काढलं. किती वेळ बघत राहिल्या. मग बांधला, दांड्यात बसवला, आणि म्हणाल्या, "युनचू, या उकाड्यात पोरीला टोपी?"

"सर्दी झालीय, आई."

त्यांनी टोपी उचलली. खाली अर्धवट सोललेली कोंबडी. टोपी परत ठेवली आणि उठून भात टाकायला गेल्या. ती रात्र मी डोळे उघडे ठेवून काढली.

सकाळी मास्तर आले. कुंचला पाण्यात बुडवून दगडावर रेघ ओढली, टोक उजेडात धरलं.

"केस जरा भुरे वाटत नाहीत?"

मी सासूबाईंकडे बघितलंच नाही. त्या चहा ओतता ओतता म्हणाल्या,

"आमच्या पाण्यात चार वेळा धुतले की काळं मांजरसुद्धा भुरं होतं, मास्तर. नातू जोरकस लिहील."

मास्तर खूश होऊन गेले. मी उठले, दाराशी जाऊन बदकांची काठी हातात घेतली.

"ती ठेव," सासूबाई म्हणाल्या. "पोरीच्या मानेवर चार केस राहिलेत बघ. नीट काढ. आणि शिंकायचं असलं तर आधी खिडकी लाव."

त्या चार केसांचाही कुंचला सासूबाईंनी बांधला; तुमच्या आईकडे तो अजून आहे. डासानं पत्र लिहावं एवढा. आणि ते बदक? दरवर्षी ताई सरोवरावरून येतं. भांग पाडून.