कारण : विद्यार्थिनीची इच्छा

नाव बारकी, पण घरात सगळ्यात उंच तीच. आईच्या चष्म्याच्या दुकानात वरच्या फळीवरच्या फ्रेम काढायला स्टूल लागायचं नाही. बारकीला हाक मारली की काम व्हायचं. काचा घासायचं मशीन अडलं तरी तिलाच हाक. दहाव्या वर्षी तिनं ते पहिल्यांदा उघडलं होतं, आणि आईचा ओरडा संपायच्या आत परत बसवलंही होतं. पुढे काय व्हायचं, हे तेव्हाच ठरलं. मेकॅनिकल इंजिनिअरिंग, तेही जर्मनीत.

आंतरराष्ट्रीय शाळेत तिला घातलं ते मावशीनं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती त्याच शाळेत मार्गदर्शक होती. अकरावी-बारावीच्या मुलांनी कुठले विषय घ्यावेत, कुठल्या देशात अर्ज करावा, ते ती सांगायची. फॉर्म भरून घ्यायची, तारखा सांभाळायची. मुलं पाठीमागे तिला ‘तारीखबाई’ म्हणायची, आणि तिला ते आवडायचं.

शाळेच्या आंतरराष्ट्रीय डिप्लोमाचा, म्हणजे तिथल्या बारावीचा, निकाल चांगला लागला. बारकीनं चार विद्यापीठांना अर्ज केले. ऑगस्टमध्ये पहिलं उत्तर आलं, तेव्हा मावशी आपल्या खोलीत संगणकासमोर बसली होती आणि बारकी शेजारी उभी होती. दोघींनी एकदमच वाचलं.

प्रमाणपत्र मान्य होतं, गुणही पुरेसे होते. पण बारकीनं घेतलेला गणिताचा सोपा अभ्यासक्रम तांत्रिक शाखेच्या थेट प्रवेशाला चालत नव्हता. आधी वर्षभराचं पूर्वतयारी कॉलेज करावं लागणार होतं, आणि त्यात शिरायलाही वेगळी परीक्षा.

“बाकीची तीन विद्यापीठं घेतील की,” बारकी म्हणाली.

“हो, बघू,” मावशी म्हणाली. पण तिला कळून चुकलं होतं. तिनं नियमांचं पान उघडलं, आणि तिथे ती ओळ होती. लपवलेली नव्हती, बारीक अक्षरातही नव्हती. दोन वर्षांपूर्वी वाचली असती तर तेव्हाही दिसली असती. पंधरा दिवसांत उरलेली तिन्ही उत्तरं आली, तशीच.

त्या रविवारी दुपारी मावशी बहिणीकडे जेवायला गेली. ताईनं पानं वाढली आणि लेकीकडे वळली.

“दोन वर्षं मावशीनं तुझ्यासाठी जिवाचं रान केलं. आणि तू काय केलंस? अवघड वाटलं म्हणून सोपं गणित घेऊन बसलीस! कुणाला विचारलंस तरी?”

बारकीनं मान वर केली नाही. “मीच मागे लागले होते, आई. मावशी नको म्हणत होती.”

मावशीचा घास हातातच राहिला.

तसं काहीच झालेलं नव्हतं. अकरावीच्या पहिल्या चाचणीत बारकी गणितात आपटली होती. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हसत म्हणालं होतं, “मॅडम, तुमची भाची ना ही?” एवढंच. पण ते मावशीला इतकं झोंबलं की तिनं दुसऱ्याच दिवशी बारकीला बोलावून घेतलं. सोपा अभ्यासक्रम घे, एकूण गुण वाढतील, म्हणाली. बारकीनं विचारलं होतं, “पण मावशी, जर्मनीत चालेल ना?” आणि मावशी फॉर्मवरून नजर न काढता म्हणाली होती, “न चालायला काय झालं?”

आता बोलायची वेळ होती. ताई समोर होती. एक वाक्य पुरलं असतं.

“अगं, घे ना,” ताई तिला म्हणाली. “हिच्यामुळे तू कशाला उपाशी राहतेस?”

आणि मावशी जेवली. पान स्वच्छ केलं. वर ताईला म्हणाली, “जाऊ दे, लहान आहे.” हे शब्द तिच्याच तोंडून निघाले, आणि कानांवर पडले तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारकीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताटं उचलून आत गेली.

सोमवारी शाळेत मावशीनं बारकीची फाइल काढली. विषय बदलल्याचा फॉर्म पिवळा पडायलाही लागला नव्हता. ‘बदलाचं कारण’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘विद्यार्थिनीची इच्छा’. अक्षर मावशीचं होतं. खाली बारकीची सही, सतराव्या वर्षाची, एकेक अक्षर सुटं. मावशीनं फाइल मिटली, परत उघडली. मग फॉर्म घेऊन ती प्राचार्यांकडे गेली आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला. मग लेखी द्या म्हणाले. तिनं लेखी दिलं. चालू वर्षाच्या सगळ्या मुलांचे विषय आणि देश पुन्हा ताडून पाहते, असंही त्यात लिहिलं. ताडताना आणखी एक मुलगा तसाच निघाला. त्याला अजून वेळ होता.

प्राचार्यांना सांगणं त्या मानानं सोपं गेलं. दुकानात जायला तिला आणखी चार दिवस लागले.

ताई एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी वाकवत होती. म्हातारे गृहस्थ आरशात बघत होते. ते जाईपर्यंत मावशी थांबली नाही. थांबले तर परत फिरेन, हे तिला माहीत होतं.

“ताई, विषय मी बदलायला लावला. तिनं विचारलं होतं मला. मी न बघताच सांगितलं.”

ताईचा हात थांबला. गृहस्थांनी आरसा हळूच खाली ठेवला. ताईनं काडी नीट केली, चष्मा त्यांच्या कानांवर बसवून पाहिला, डबी दिली. ते गेल्यावर म्हणाली, “चूक कुणाच्याही हातून होते. पण त्या दिवशी तू माझ्या घरी बसून जेवलीस. मी पोरीला बोलत होते आणि तू जेवत होतीस.”

“हो.”

“लहान आहे म्हणालीस.”

“हो.”

“जा आता,” ताई म्हणाली. “मला कामं आहेत.”

संध्याकाळी बारकी मावशीच्या दारात उभी. रागावलेली.

“कशाला सांगितलंस? मी सांभाळलं होतं ना!”

“तू का सांभाळायचं?”

“आई चिडली की साऱ्या खानदानाला फोन करते, तुझ्या प्राचार्यांनाही केला असता. तुझी शाळेत किंमत राहिली नसती.” मग म्हणाली, “आणि मला वाटलं, तू तिथेच सांगशील. जेवताना. मी वाट बघत होते.”

मावशीला तिच्याकडे बघवेना. ती एवढंच म्हणाली, “चुकलं माझं, बाळा.” बारकीनं मान हलवली. ठीक आहे, असं काही ती म्हणाली नाही.

पूर्वतयारी कॉलेजांच्या परीक्षा जानेवारीत होत्या आणि गणित दोन वर्षं मागे पडलेलं. मावशी गणिताच्या सरांकडे गेली. चाचणीनंतर ‘तुमची भाची ना’ म्हणणारे हेच. तिनं सगळं सांगून शिकवाल का विचारलं. सर खडू हातात फिरवत राहिले.

“त्या पोरीला विषय सोड, असं मी कधीच म्हटलं नव्हतं,” ते म्हणाले. “पहिल्या चाचणीत निम्मा वर्ग आपटतो. मी मुद्दाम तसा पेपर काढतो. तुम्ही मला विचारायला यायचं होतं.”

“तुम्ही हसला होतात,” मावशी म्हणाली, आणि हे कारण किती फुसकं आहे ते तिला बोलतानाच कळलं.

“मी सगळ्यांनाच हसतो,” सर म्हणाले. “उद्या चारला पाठवा तिला.”

चार महिने बारकी रोज चारला गेली. दोन कॉलेजांच्या परीक्षा दिल्या. एकात नापास झाली, दुसऱ्यात पास. ताईनं मावशीला फोन केला, पाच महिन्यांनी पहिल्यांदा. “मिळालं तिला,” एवढं सांगून ठेवला.

मावशी ताईकडे गेली तेव्हा बारकी टेबलावर कागदांचा पसारा मांडून बसली होती. प्रवेशाचा फॉर्म, विम्याचा फॉर्म, खोलीसाठीचा अर्ज. मावशीला बघून उठली, मिठी मारली, खुर्ची दिली. ताईनं पाण्याचा पेला आणून ठेवला आणि शेजारी बसली, बोलली नाही तरी बसली.

मावशीचा हात सवयीनं फॉर्मकडे गेला. “एकदा नजर टाकू का?”

“नको मावशी,” बारकी म्हणाली. आवाजात राग नव्हता, उलट मऊच होता. “मी कॉलेजलाच विचारून घेतलंय. एकेक ओळ.”

“बरं केलंस,” मावशी म्हणाली, आणि तिनं हात मांडीवर घेतला.